पुढच्या त्वचेला सूज: लाजू नका, समजून घ्या
मित्रांनो, मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. पण आधी कारण शोधायचं ही सवय इथेही कामाची आहे. शिश्नाची पुढची त्वचा लाल होते, खाजते, सुजते. का? आत साचलेला मळ, बुरशी, साबणाचा त्रास, कंडोमच्या रबराची ॲलर्जी, कधी लैंगिक संसर्ग. पुन्हापुन्हा होतंय? मग रक्तातली साखर तपासा, मागे मधुमेह असू शकतो.

रोज कोमट पाण्याने धुवा, हलकेच कोरडं करा, त्वचा पुन्हा पुढे आणा. स्टेरॉइडचं मलम मनाने लावू नका, बुरशी वाढू शकते.

मागे गेलेली त्वचा पुढे येत नाही, टोक सुजतंय, किंवा लघवी अडली? रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा. लाजणारा मित्र असेल, तर त्याला हा एपिसोड पाठवा.