आवाजाच्या पुढे धावलेली गाडी

'वाऱ्याच्या वेगाने' असं आम्ही कवी मंडळी सहज लिहून जातो. हा वेग ताशी किती, हे आम्हाला कुणी विचारत नाही. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याचा वेग मात्र दशांशचिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत मोजलेला आहे : ताशी १२२७.९८५ किलोमीटर. तोही आकाशात नव्हे, जमिनीवर. अँडी ग्रीन त्याचं नाव. ब्रिटिश हवाई दलातला लढाऊ वैमानिक, ऑक्सफर्डला गणित शिकलेला. १५ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ब्लॅक रॉक वाळवंटात त्याने 'थ्रस्ट एसएससी' ही गाडी आवाजापेक्षा वेगाने चालवली. हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही.

तुम्ही म्हणाल, विमानं तर कधीपासून आवाजाला मागे टाकतात! खरं आहे. चक यीगर या अमेरिकी वैमानिकाने १४ ऑक्टोबर १९४७ लाच ते केलं होतं. मग जमिनीवर तेच साधायला आणखी पन्नास वर्षं आणि एक दिवस का लागावा?

याचं कारण हवेत आहे. आवाजाच्या वेगाजवळ पोचल्यावर समोरच्या हवेला बाजूला व्हायला सवडच मिळत नाही. ती दाटते आणि दाबाची एक जबर लाट तयार होते. आकाशात ही लाट चहूकडे पसरून जाते. गाडीखाली मात्र जमीन असते. लाट तिच्यावर आपटून पुन्हा गाडीकडेच येते. गाडीचं नाक जरासं वर झालं तर हवा तिला उचलून फेकणार. खाली गेलं तर ते मातीत घुसणार. म्हणून रॉन एअर्स या वायुगतिकीच्या तज्ज्ञाने आधी संगणकावर गणितं मांडली. मग वेल्समध्ये रॉकेटच्या जोरावर रुळांवरून छोटी प्रतिकृती पळवून ती ताडून पाहिली.

गाडी सुमारे दहा टनांची. फँटम या लढाऊ विमानात वापरलेली रोल्स-रॉइस कंपनीची दोन जेट इंजिनं तिला बसवली होती. या वेगात रबराचा टायर टिकत नाही, म्हणून चाकं भरीव ॲल्युमिनियमची. पुढची जागा इंजिनांनी अडवलेली, त्यामुळे गाडी वळवायची ती मागच्या चाकांनी. ही युक्ती चालेल का, हे आधी एका मिनी मोटारीवर करून पाहिलं गेलं.

ही गाडी बनवण्यामागचा माणूस रिचर्ड नोबल. १९८३ चा विक्रम त्याचाच, स्वतः गाडी चालवून केलेला. या वेळी मात्र तो चालकाच्या जागेवर बसला नाही. अर्ज मागवले, चाचण्या घेतल्या आणि ग्रीनला निवडलं. वैमानिकच का? कारण इथे नुसतं धाडस पुरत नाही. गाडी एका बाजूला ओढ घ्यायची तेव्हा स्टीयरिंग काटकोनापर्यंत फिरवून धरावं लागे, आणि त्याच वेळी काट्यांवरही लक्ष ठेवावं लागे. धाव संपल्यावर गाडी कुठे कशी वागली, हे अभियंत्यांना बारकाईने सांगायचं, तेही त्याचंच काम.

या विक्रमाचा नियम कडक आहे. ठरावीक अंतर एकदा जाताना आणि एकदा येताना कापायचं, दोन्ही धावा एका तासात, आणि सरासरी धरायची. १३ ऑक्टोबरला दोन्ही धावा आवाजापेक्षा वेगवान झाल्या. पण मधल्या तयारीत तास उलटून गेला, तोही मिनिटभरानेच. विक्रम मिळाला नाही. सगळे पुन्हा कामाला लागले. १५ तारखेच्या थंड सकाळी ते जमलं. थंड हवेत आवाज थोडा हळू चालतो, त्याचीही मदत झाली. एक मैल सरासरी पावणेपाच सेकंदांत पार पडला. जवळच्या गर्लाक गावात स्फोटासारखा आवाज ऐकू गेला.

मला सर्वांत भावतं ते वेगळंच. अशा धावेआधी माणसं ओळीने चालत जाऊन वाटेतले खडे हाताने वेचतात. एवढासा खडाही इंजिनाचा घात करू शकतो. पुढे 'ब्लडहाउंड' या नव्या गाडीसाठी दक्षिण आफ्रिकेच्या हॅक्सकीन पॅन भागात स्थानिक मजुरांनी हजारो टन दगड असेच हातांनी उचलले. २०१९ मध्ये ग्रीनने तिथे ताशी एक हजार किलोमीटरचा टप्पा ओलांडला. पुढच्या धावांसाठी लागणारा पैसा मात्र उभा राहिला नाही, आणि जुना विक्रम तसाच राहिला.

'थ्रस्ट एसएससी' आता इंग्लंडमध्ये कोव्हेंट्रीच्या संग्रहालयात उभी आहे. तिच्याबरोबर नाव लागतं ते चालकाचं. खडे वेचणाऱ्यांची नावं कुणी विचारत नाही. पण त्यांनी वाट साफ केली नसती, तर त्या वैमानिकाने गाडी सुरूसुद्धा केली नसती.