आगोटीत एक दिवस बटव्यासाठी

एप्रिल-मे आला की आपल्या कर्जत-खालापूरच्या घराघरांत आगोटीची धांदल उडते. मिरच्या वाळतात, मसाला कुटून येतो, सुकी मासळी भरली जाते, डाळी-तांदूळ निवडून होतात. या सगळ्यात एक डबा मात्र विसरला जातो, तो म्हणजे आजीबाईचा बटवा. हिरडा, बेहडा, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, ज्येष्ठमध, काकडशिंगी, अतिविष... कधीतरी आणलेलं सगळं एकाच पिशवीत गुंडाळून फळीवर टाकलेलं असतं.

आमच्या दहिवलीत बचत गटाच्या कामानिमित्त बाळंतिणींच्या घरी माझं जाणं होतं. तिथे हमखास दिसणारी गोष्ट सांगते. सकाळी सहाणेवर बाळगुटीचे वळसे दिले जातात आणि ओल्या टोकाचे ते तुकडे तसेच प्लॅस्टिकच्या डबीत जातात, वर घट्ट झाकण! बाहेर चाळिशीचा पारा, आत कोंडलेला ओलावा. बुरशीला याहून चांगली जागा कोणती मिळणार? चार दिवसांनी बघा, घासलेल्या टोकावर हिरवट-काळपट थर दिसतो. सासूबाई तो पदराने पुसतात आणि पुन्हा उगाळायला घेतात. "जुनंच औषध गुणाचं," असं वर ऐकायलाही मिळतं.

खरं तर बुरशी पुसून जात नाही. वर दिसते त्याहून जास्त ती आत शिरलेली असते. काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते यकृतावर घाला घालतं आणि उकळल्याने किंवा उन्हात वाळवल्याने भरवशाने जात नाही. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली होती. गुटीचा वळसा तो केवढा, हे खरं. पण तो ज्याच्या पोटात जातो ते बाळही केवढंसं असतं! (मुळात पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, असं डॉक्टर सांगतात. गुटी द्यायचीच असेल तर आधी त्यांना विचारा.) तेव्हा बुरशीचा तुकडा दिसला की हळहळ न करता टाकायचा. सुंठेचा तुकडा दोन-चार रुपयांचा असतो.

उगाळून झालं की प्रत्येक तुकडा स्वच्छ फडक्याने पुसा, सुपात पसरून दिवसभर सावलीत वाऱ्यावर ठेवा. सहाणही धुऊन उन्हात वाळवा. सहाणेच्या खरबरीत अंगात ओल आणि चोथा राहतो, तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

आता साठवण. आपल्याकडे बहुतेक घरांवर पत्रा किंवा स्लॅब. दुपारी माळा तव्यासारखा तापतो आणि औषधांचा डबा नेमका तिथेच असतो, नाहीतर गॅसच्या वरच्या फळीवर. वेखंड, ओवा, बडीशेप, जायफळ यांचा गुण त्यांच्या वासाच्या तेलात असतो. उष्णतेने ते तेल उडून जातं आणि हाती उरतं ते लाकूड. डिकेमाली, हिंग, गुग्गुळ मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. म्हणून डबा घरातल्या थंड, अंधाऱ्या खोलीत, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीला न चिकटवता ठेवा. काचेची किंवा चिनी मातीची बरणी उत्तम. आवळा, हिरडा तांब्या-पितळेच्या डब्यात नको. वेखंडाला तर वेगळीच बरणी द्या, त्याचा वास सगळ्यांना लागतो.

भरण्याआधी वाळवण हवंच. हिरडा-बेहड्याला कडक ऊन चालतं, वासाच्या वस्तूंना मात्र सावली. सुंठ मोडताना कट् असा आवाज आला पाहिजे. उन्हातून आणलेली वस्तू गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका, नाहीतर आतून घाम सुटतो. बाजारात ठाकूर-कातकरी बायकांकडून ताजी मुळं-फळं घेता, तीही आधी वाळवा.

सुंठ, हळकुंडाला बारीक भोकं पाडणारा भुंगा असतो. इंग्रजीत त्याचं नावच ड्रगस्टोअर बीटल, म्हणजे औषधाच्या दुकानातला भुंगा! धान्यात घालतात त्या पाऱ्याच्या गोळ्या किंवा डांबरगोळ्या औषधात कधीही टाकू नका. कोरडी वस्तू हवाबंद पिशवीत घालून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवली की किडा मरतो. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. पूर्ण निवली की मगच, नाहीतर सगळं दमट होतं.

चूर्ण करून ठेवण्याची घाई नको. शार्ङ्गधरसंहितेत चूर्णाचा गुण दोनच महिने टिकतो असं म्हटलंय, अख्ख्या वनस्पतीचा वर्षभर. तिथेच वावडिंग आणि पिंपळी मात्र जुनी घ्यावी असंही सांगितलंय. सासूबाईंचं म्हणणं अगदीच निराधार नाही म्हणायचं! चिनी वैद्यकातही संत्र्याच्या जातीच्या फळाची वाळवलेली साल, चेनपी, जितकी जुनी तितकी मोलाची मानतात. पण जुनी म्हणजे कोरडी राखलेली, भुरा आलेली नव्हे.

आणि बरणीवर चिठ्ठी लावा. नाव आणि महिना, बस्स. आजी गेली की तिच्या पिशवीतली निम्मी मुळं कुणाला ओळखता येत नाहीत. बचनागासारखं विषारी मूळही वाळल्यावर साध्या मुळासारखंच दिसतं. ओळख पटली नाही तर जाणत्या वैद्यांना दाखवा, तेही नसतील तर खड्डा करून पुरून टाका. बिब्बे असतील तर निराळ्या डबीत, मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवा.

हे सगळं पहिल्या सरीच्या आत उरकायचं. एकदा जून लागला की आपल्याकडे मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं, मग औषध वाळवायला ऊन कुठून आणणार?