वैयक्तिक आरोग्य विमा : मूल येथील तासिका तत्त्वावरील अध्यापकाच्या संदर्भात

प्रस्तावना :

तासिका तत्त्वावरील अध्यापकाचे मानधन प्रत्यक्ष घेतलेल्या तासांवर ठरते. आजारपणात एकीकडे रुग्णालयाचा खर्च सुरू होतो आणि दुसरीकडे मिळकत थांबते. सामूहिक विम्याचे छत्र त्याला सहसा नसते. मूलसारख्या तालुक्याच्या ठिकाणी अशा व्यक्तीला परवडणारा विमा कोणता, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

शासकीय योजना :

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत शेजारचा गडचिरोली होता. चंद्रपूरला ती २०१३ मध्ये मिळाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. पांढऱ्या शिधापत्रिकेमुळे आपण तिच्याबाहेर आहोत, हा अध्यापकवर्गातील समज आता जुना झाला आहे. १ जुलै २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वार्षिक ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. मात्र उपचार यादीतील आणि रुग्णालय अंगीकृत असावे लागते. विकत घ्यावयाचा विमा या मर्यादेपलीकडील खर्चासाठी होय.

खासगी विमा :

विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने १ एप्रिल २०२० पासून सर्व संबंधित कंपन्या 'आरोग्य संजीवनी' ही समान अटींची पॉलिसी देतात. अटी समान असल्याने तुलना केवळ हप्त्याची व रुग्णालयांच्या जाळ्याची उरते, हा तिचा मोठा गुण. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा करही रद्द झाला आहे.

परंतु कमी हप्ता म्हणजे स्वस्त विमा नव्हे. या पॉलिसीत खोलीभाड्याची दैनिक मर्यादा विमारकमेच्या २ टक्के (कमाल ५,००० रुपये) आहे. समजा, विमा १ लाखाचा आहे आणि रुग्ण ४,००० रुपये भाड्याच्या खोलीत चार दिवस राहिला. भाडे १६,०००, शस्त्रक्रिया व इतर शुल्क ४०,००० आणि औषधे १४,००० असे एकूण देयक ७०,००० रुपयांचे झाले. मान्य भाडे २,००० असल्याने औषधे वगळता सर्व रक्कम निम्मी होते. उरलेल्या ४२,००० मधून ५ टक्के सहभाग वजा जाता हाती ३९,९०० येतात. विमा २ लाखांचा असता, तर ६६,५०० मिळाले असते. एक लाखाची पॉलिसी घेऊन निर्धास्त झालेल्यांनी हे गणित एकदा स्वतः मांडून पाहावे.

पूर्वीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत. हे निदान प्रस्तावपत्रात लपविल्यास पुढे दावाच नाकारला जाऊ शकतो. तेव्हा प्रतीक्षा पत्करलेली बरी.

हप्ता वयानुसार ठरतो, ऐपतीनुसार नव्हे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने गावकऱ्यांकडून ऐपतीप्रमाणे ज्वारी घेऊन विमा चालविला होता, तो गावाचा होता म्हणून. एकट्याला ती सवलत नाही.

रुग्णालयाची व्याख्या :

कायद्यानुसार रुग्णालय म्हणून नोंदणी असेल, किंवा दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या गावात किमान १० खाटा, अहोरात्र परिचारिका व शस्त्रक्रियागृह इत्यादी निकष पूर्ण होत असतील, तर पॉलिसीच्या लेखी ते रुग्णालय ठरते. अशी नोंदणी नसलेल्या पाच-सहा खाटांच्या दवाखान्यातील भरती तिच्यात बसत नाही. रुग्णवाहिकेसाठी संजीवनीत प्रत्येक भरतीमागे २,००० रुपयेच मिळतात. नागपूरची वाट धरण्यापूर्वी १०८ क्रमांकाची मोफत सेवा मागावी. सही करण्यापूर्वी चंद्रपूर व नागपूर येथील कोणती रुग्णालये त्या कंपनीच्या रोकडरहित यादीत आहेत, हे लेखी मागून घ्यावे.