निनाद मांडवगणे
स्क्वॉड्रन लीडर निनाद अनिल मांडवगणे हे भारतीय वायुसेनेतील नाशिकचे वैमानिक होते. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी जम्मू-काश्मीरमधील बडगामजवळ त्यांचे हेलिकॉप्टर स्वपक्षाच्याच क्षेपणास्त्राने पाडले गेले. मृत्युसमयी त्यांचे वय ३३ वर्षे होते.

शिक्षण आणि सेवा
मांडवगणे यांचे शालेय शिक्षण नाशिकच्या भोसला सैनिकी विद्यालयात झाले. पुढे त्यांनी छत्रपती संभाजीनगर (तत्कालीन औरंगाबाद) येथील सर्व्हिसेस प्रीपरेटरी इन्स्टिट्यूटमध्ये प्रशिक्षण घेतले. सैन्यदलांत अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने ही संस्था १९७७ मध्ये स्थापन केली. २००९ मध्ये ते वायुसेनेत दाखल झाले.

बडगामची घटना
२६ फेब्रुवारी २०१९ रोजी भारताने बालाकोट येथे हवाई हल्ला केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाकिस्तानी विमाने नियंत्रण रेषेकडे आल्याने काश्मीर खोऱ्यातील हवाई संरक्षण यंत्रणा सज्ज झाली. त्याच वेळी श्रीनगरहून उडालेले १५४ हेलिकॉप्टर युनिटचे एमआय-१७ व्ही५ हेलिकॉप्टर तळाच्या दिशेने परतत होते. ते शत्रूचे असल्याचा समज झाला आणि त्यावर इस्रायली बनावटीचे स्पायडर क्षेपणास्त्र सोडण्यात आले. सकाळी दहाच्या सुमारास हेलिकॉप्टर गरेंद कलान गावाजवळ कोसळले. त्यातील सहाही हवाई योद्धे आणि जमिनीवरील एक स्थानिक नागरिक मृत्युमुखी पडले.

चूक कशी घडते
रडारच्या पडद्यावर विमान केवळ एक ठिपका असते. तो आपला की परका, हे ठरवण्यासाठी 'मित्र-शत्रू ओळख' प्रणाली वापरतात. जमिनीवरील यंत्र सांकेतिक प्रश्न पाठवते आणि विमानातील यंत्र सांकेतिक उत्तर देते. उत्तर न मिळाल्यास ते विमान 'अनोळखी' ठरते, 'शत्रू' नव्हे. यंत्र बंद असणे, बिघडणे किंवा संदेश न पोहोचणे, यांपैकी कोणत्याही कारणाने मौन येऊ शकते. म्हणूनच उड्डाणाची नोंद, नियंत्रण कक्षांतील संपर्क आणि मारा करण्याच्या आदेशाची पडताळणी यांना महत्त्व असते. युद्धजन्य घाईत हीच साखळी तुटण्याचा संभव अधिक असतो.

चौकशी व सन्मान
प्रारंभी ही घटना अपघात समजली गेली. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी तत्कालीन वायुसेनाप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडल्याचे जाहीरपणे मान्य केले आणि ही मोठी चूक असल्याचे सांगितले. मांडवगणे यांच्यावर १ मार्च २०१९ रोजी नाशिक येथे लष्करी इतमामात अंत्यसंस्कार झाले. पुढे त्यांना मरणोत्तर वायुसेना पदक देण्यात आले.

तत्सम घटना
१० डिसेंबर १९७१ रोजी खुलन्याजवळ भारतीय विमानांनी मुक्तिवाहिनीच्या 'पद्मा' व 'पलाश' या गनबोटींवर चुकून हल्ला केला. आयएनएस पनवेलसह त्या ताफ्याचे नेतृत्व कमांडर मोहन नारायण राव सामंत करत होते. त्यांना नंतर महावीर चक्र मिळाले. 'पलाश'च्या इंजिनकक्षात काम करणारे मोहम्मद रुहुल अमीन यांना त्या दिवशी मृत्यू आला. बांगलादेशाने त्यांना 'बीरश्रेष्ठ' हा सर्वोच्च सन्मान दिला. दोन्ही घटनांत मारा करणारे आणि मरणारे एकाच पक्षाचे होते. अशा मृत्यूंचे कारण उघडपणे नोंदवले गेले, तरच पुढील उड्डाणांसाठी नियम सुधारता येतात.