पहिल्या हंगामाचा निवाडा

अमेरिकन फुटबॉलमधील व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची निवड वर्षातून एकदा, पाळीपाळीने करतात. एकाला घेतले की दुसरा हातचा जातो. म्हणूनच नवा ‘वाइड रिसीव्हर’, म्हणजे पुढे धावून लांबचा चेंडू झेलणारा गडी, पहिल्या हंगामात फिका पडला की चाहत्यांत वादाला तोंड फुटते.

२०२० साली फिलाडेल्फिया ईगल्सने २१व्या क्रमांकावर जेलन रेगरला निवडले. लगेच पुढच्या पाळीत मिनेसोटाने जस्टिन जेफरसनला घेतले. त्या हंगामात जेफरसनने १,४०० यार्ड मिळविले, रेगरने अवघे ३९६. सोडलेल्या संधीची ही किंमत फिलाडेल्फियाच्या चाहत्यांना झोंबली, यात नवल नाही.

परंतु झालेली निवड मागे घेता येत नाही. प्रश्न उरतो तो पुढच्या वर्षाचा. रेगर १६ पैकी ११ सामनेच खेळला होता. शिवाय रिसीव्हरचे यश चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवरही अवलंबून असते, आणि ईगल्सचा क्वार्टरबॅक त्याच वर्षी इतका ढासळला की त्याला बाहेर बसवावे लागले.

१९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा नवोदित जेरी राइस हाती आलेले चेंडू सोडू लागला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली होती. १९८६ मध्ये त्याने १,५७० यार्ड मिळवून सर्वांना मागे टाकले. रेगर मात्र सावरला नाही; २०२२ मध्ये ईगल्सने त्याला मिनेसोटाकडेच धाडले.

तात्पर्य, पहिला हंगाम हा पुरावा आहे, निकाल नव्हे. खेळाडू किती कमी पडला याहून तो का कमी पडला, हे पाहणेच शहाणपणाचे.