झोळी नंतर, छप्पर आधी!

*हॅमॉक आणि टार्प घ्यायचा विचार करताय? रंग बघण्याआधी थोडं गणित बघा.*

पावसाळा संपला की ऑफिसातल्या प्रत्येक ग्रुपवर एक फोटो हमखास फिरतो. दोन झाडं, मध्ये रंगीत हॅमॉक, त्यात कुणीतरी पायावर पाय टाकून पुस्तक वाचतंय आणि मागे धुक्यातला सह्याद्री. सोमवारच्या मीटिंगमध्ये हा फोटो बघणाऱ्याला दोनच गोष्टी सुचतात. एक, राजीनामा. दोन, हॅमॉकची ऑर्डर. पहिली गोष्ट परवडत नाही, म्हणून दुसरी केली जाते.

करा की! माझी काहीच हरकत नाही. पण ट्रेकला गेलेल्या ग्रुपमध्ये कुणाचा पाय मुरगळतो, वाट चुकते, अंधार पडतो आणि मग ही 'मजेची' वस्तू रात्र काढायची एकमेव सोय होऊन बसते. तेव्हा ती फाटली किंवा गळली, तर त्याला अॅडव्हेंचर म्हणत नाहीत. म्हणून या सामानावर लिहायचं ठरवलं आणि चार-पाच शनिवार दुकानं, दोऱ्या आणि झाडं यांच्यातच घालवले.

आपलीच झोळी

हॅमॉक म्हणजे काहीतरी फॉरेनचं, असं वाटत असेल तर आजीला विचारा. जुन्या लुगड्याची झोळी बांधून तिने तुमच्या बाबांना त्यातच झोपवलेलं असणार. दुर्गम पाड्यांवर रस्ता नसतो, तिथे आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतूनच रस्त्यापर्यंत आणतात. थोडक्यात काय, झोळी ही आपल्याकडे हौसेची नाही, गरजेची वस्तू आहे. चांगलं हॅमॉकही अडीनडीला असंच कामाला येऊ शकतं. मात्र पाठीला किंवा मानेला मार लागला असेल तर जखमीला हलवायचं नाही. ११२ ला फोन करायचा आणि त्याच्यावर आडोसा धरायचा.

तीस अंशांचा फंडा

आता गणित. घाबरू नका, दहावीचंच आहे. हॅमॉकचे पट्टे जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन करत असतील, तर प्रत्येक पट्ट्यावर तुमच्या वजनाइतका ताण येतो. म्हणजे ७० किलोच्या माणसाचा ७० किलो. पण 'मस्त टाईट बांधूया' म्हणून तोच कोन १० अंशांवर आणलात, की ताण होतो जवळपास २०० किलो. प्रत्येक बाजूला! शिवाय तुम्ही धपकन बसलात की क्षणभर तो आणखी वाढतो.

म्हणून हॅमॉक सैल, केळ्याच्या आकारात बांधायचं आणि त्यात सरळ न झोपता थोडं तिरकं झोपायचं. पाठ बऱ्यापैकी सपाट राहते. बसल्यावर उंची खुर्चीएवढी, म्हणजे फूट-दीड फूट असावी. त्याहून उंच बांधणाऱ्याने हाडांच्या डॉक्टरांचा नंबर जवळ ठेवावा.

पाकिटावर '२०० किलो' छापलेलं असतं, ते बहुतेकदा कापडाचं. पण वजन पेलणारी ती एक साखळीच असते. कापड, दोरी, हूक, पट्टा आणि झाड. तुटते ती सगळ्यात कच्ची कडी. आमच्या ग्रुपमधल्या एकाचं हॅमॉक मध्यरात्री खाली आलं तेव्हा कापड ठणठणीत होतं. सोबत मिळालेला हूक किचेनच्या लायकीचा निघाला. हुकावर त्याची ताकद कोरलेली असेल तरच घ्या. झाडाला दोरी न बांधता इंच-दीड इंच रुंद पट्टा वापरा, म्हणजे साल सोलवटत नाही. लांबी तीन मीटरच्या आसपास असलेलं हॅमॉक उंच माणसालाही पुरतं.

आणि डोक्यावर काय?

माझं स्पष्ट मत आहे, बजेट एकाच वस्तूचं असेल तर आधी टार्प घ्या. हॅमॉकशिवाय रात्र जाते. भिजून, वाऱ्यात, कुडकुडत ती जाईलच याची खात्री नाही. अंग ओलं असेल आणि वारा सुटला असेल, तर कडाक्याची थंडी नसतानाही शरीराचं तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

तीन बाय तीन मीटरचा टार्प एका माणसाला छान पुरतो. तो कर्णात टांगला की वरची कड सव्वाचार मीटरची होते आणि हॅमॉकची दोन्ही टोकं झाकली जातात. आडव्या पावसासाठी याहून मोठा घ्या. नायलॉन भिजलं की सैल पडतं, पुन्हा ताणावं लागतं. पॉलिएस्टरला ही सवय कमी. लेबलवर पाण्याचा दाब मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. आपल्या पावसासाठी दीड-दोन हजारांच्या खाली जाऊ नका.

आणि आपली ताडपत्री? पुण्यातल्या बोहरी आळीत मिळते तशी साधी प्लॅस्टिकची? जड आहे, फडफडते, फोटोत दिसत नाही. पण पाणी अडवते आणि स्वस्त आहे. घरात, गाडीच्या डिकीत ठेवायला हिच्यासारखी दुसरी नाही.

एक छोटी युक्ती. पाऊस पट्ट्यावरून ओघळत थेट तुमच्या पाठीपर्यंत येतो. हॅमॉकच्या अलीकडे पट्ट्याला सुतळीचा तुकडा लोंबता बांधा, पाणी तिथेच ठिबकून जातं. आणि टार्पला निरगाठ नको, सुरगाठ मारा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी सोडवायची वेळ येते.

सह्याद्रीचे नियम वेगळे

आपल्या किल्ल्यांच्या माथ्यावर बऱ्याचदा धड दोन झाडंही नसतात. त्यामुळे ग्राउंडवर, दोन काठ्यांवर टार्प उभारता आलाच पाहिजे. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर हे भाग अभयारण्यात येतात. तिथे वनखात्याचे नियम आधी विचारा. झाडं मिळालीच तर मांडीएवढी जाड, जिवंत आणि चार-पाच मीटर अंतरावरची निवडा. शेवगा ठिसूळ, नारळ डोक्यात पडणार, वाळकं झाड तर नकोच. वर आग्या मोहोळ नाही ना, ते बघा. विजा चमकत असतील तर झाडाखालून निघायचं. पुण्याच्या 'आयआयटीएम'चं 'दामिनी' अॅप फोनमध्ये असू द्या. आणि भर पावसात डोंगरउताराच्या पायथ्याशी मुक्काम नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीत काय झालं, ते आपण विसरलेलो नाही.

हॅमॉकचा एक फायदा मात्र शंभर टक्के खरा. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच बहुतेकदा चावते. जमिनीपासून वर आणि मच्छरदाणीच्या आत झोपणं केव्हाही बरं. पण खालून वारा लागतो आणि स्लीपिंग बॅग पाठीखाली दबून निकामी होते. डिसेंबरात आत कॅरीमॅट घातल्याशिवाय झोप विसरा.

दुकानात जाताना

* कापड, हूक, पट्टे यांची ताकद वेगवेगळी विचारा.
* मच्छरदाणी शिवलेली आहे की वेगळी, ते बघा.
* टार्पच्या कोपऱ्यांची शिवण आणि कड्या ओढून बघा.
* दोऱ्या, खुंट्या सोबत मिळतात का? नसतील तर त्यांचे पैसे धरा.
* सगळं मिळून वजन दीड-दोन किलोच्या वर जात असेल तर पाठीला विचारा.

खरेदी झाली की पहिली रात्र गडावर नको. गावच्या अंगणात किंवा मित्राच्या फार्महाऊसवर, लाईट बंद करून टार्प बांधून बघा. वर बादलीभर पाणी ओता. दहा मिनिटांत, मोबाईलच्या टॉर्चशिवाय जमलं, की समजा तुम्ही तयार आहात. तोवर गडावर जा, पण अंधाराच्या आत खाली या.