नांदणे आणि न्याय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनी आम्हांला शब्द तोलून वापरायला शिकविले. म्हणून आजचा विषय कायद्याचा असला, तरी मी तो शब्दांच्या वाटेने मांडणार आहे. मी वकील नव्हे. जन्मभर मराठी शिकविली. परंतु घरात मार खाणाऱ्या स्त्रीला न्याय मिळणे वा न मिळणे हे पुष्कळदा आपण त्या घटनेला कोणते नाव देतो यावर अवलंबून असते, असे माझे मत झाले आहे.

'नांदणे' हा आपल्या भाषेतला मोठा गोड शब्द. त्यात राहणेही आहे आणि सुखही आहे. पण लेक 'नांदते आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्यातले सुख केव्हा निसटले आणि नुसते राहणे केव्हा उरले, हे आपल्या ध्यानातही येत नाही. सुमारे ४५ वर्षांपूर्वी शेजारची एक विवाहिता रात्री आमच्या दारी आली. गालावर वळ होते. सकाळी आम्ही चार जाणती माणसे बसलो, दोघांची समजूत घातली आणि तिला परत पोहोचवून आलो. तंटा मिटविल्याचे समाधान मलाही वाटले. त्यानंतर तिने आमचे दार कधी वाजविले नाही. ते दार आम्हीच तिच्यासाठी बंद केले होते, हे उमगायला मला फार वर्षे लागली.

आमची चूक शब्दाचीच होती. तंटा दोन बरोबरीच्या पक्षांत असतो. दोघांनी एकेक पाऊल मागे घेतले की तो मिटतो. मार खाणारीने कोणते पाऊल मागे घ्यावे? तंटा मिटवायचा असतो, हिंसा थांबवायची असते.

ही गल्लत न्यायालयांतही जुनी आहे. बालपणी लग्न झालेल्या रखमाबाईंनी आपल्याकडे नांदावे, असा दावा त्यांच्या नवऱ्याने मुंबईच्या उच्च न्यायालयात १८८४ साली लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. परंतु अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये नवऱ्याकडे जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात राहावे, असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली २,००० रुपये घेऊन नवऱ्याने दावा सोडला. पुढे रखमाबाई इंग्लंडात शिकून डॉक्टर झाल्या. तो खटला मारहाणीचा नव्हता. तरीही न्यायासनापुढे प्रश्न एवढाच होता की ती नांदणार की नाही. ती कशी राहील, हा नव्हता.

आज कायदा पुष्कळ पुढे आला आहे. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत कलम ४९८-अ आले आणि नवऱ्याने व सासरच्यांनी केलेली क्रूरता हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. पण शिक्षा नंतरची. आज रात्री निजायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने दिले. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. मारहाणीप्रमाणेच शिवीगाळ, लैंगिक अत्याचार आणि पैशाची कोंडी हीदेखील त्यात हिंसाच मानली आहे. घर तिच्या नावावर नसले तरी तिला तेथे राहण्याचा हक्क आहे. न्यायदंडाधिकारी संरक्षणाचा, निवासाचा, खर्चाचा हुकूम देऊ शकतात. निकड असल्यास दुसऱ्या बाजूचे ऐकण्यापूर्वीही. संरक्षणाचा हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांत पडावी व ६० दिवसांत प्रकरण निकालात काढण्याचा प्रयत्न व्हावा, असेही कायदा सांगतो. तारखा कशा लांबतात, हे आपणांस सांगावयास नको.

येथे आपल्या लोधीखेड्याची, सौंसर-पांढुर्ण्याची एक खास अडचण आहे. १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूर होती. नंतर भोपाळ झाली. घरची बोली मराठी राहिली, कचेरीची भाषा हिंदी. सासरचा 'जाच' स्त्री मराठीत सोसते आणि कागदावर तो हिंदीत उतरतो. त्यातच एक शब्द फसवा आहे. येथल्या कचेरीत समेटाला 'राजीनामा' म्हणतात. आजच्या मराठीत राजीनामा म्हणजे आपली जागा सोडणे. घाईने झालेल्या कित्येक समेटांत मराठी अर्थच खरा ठरतो!

यावर उपाय कायद्यातच आहेत. साक्ष ज्या भाषेत दिली त्याहून वेगळ्या भाषेत लिहिली गेली आणि साक्षीदाराला ती भाषा कळत नसेल, तर लिहिलेला मजकूर त्याला समजणाऱ्या भाषेत सांगितलाच पाहिजे. हे हक्काने मागावे. समुपदेशनाविषयीचे २००६ चे नियम तर स्पष्ट आहेत: तेथे हिंसेचे समर्थन करण्यास नवऱ्याला मुभाच नाही. 'तिने उलट उत्तर दिले म्हणून' हे वाक्य तेथे चालत नाही. मग ते आपल्या बैठकीत का चालावे?

पोलिसांचा दृष्टिकोन बदलत नाही, असे म्हणून हातपाय गाळू नयेत. आपल्याच मध्य प्रदेशात १८० पोलीस ठाण्यांची तुलना करणारा एक अभ्यास झाला व २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जेथे स्त्रियांसाठी मदत कक्ष उघडले, तेथे त्यांच्या तक्रारींची नोंद वाढली. कक्षाचे काम महिला अधिकाऱ्यांकडे दिले तेथे विशेष वाढली. ऐकणारे माणूस समोर बसले की बोलणारीला धीर येतो, एवढी साधी गोष्ट.

ते ऐकणारे माणूस आपल्यालाही होता येईल. रात्री कोणी दारी आली, तर 'काय झाले?' याआधी 'तू सुरक्षित आहेस ना?' असे विचारावे. तिचे शब्द तिच्याच बोलीत, तारखेसह लिहून ठेवावेत. डॉक्टरकडे न्यावे, १८१ या क्रमांकावर कळवावे, संरक्षण अधिकाऱ्याकडे सोबत जावे. उत्पन्न कितीही असले तरी स्त्रीला विधिसेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो, हे तिला सांगावे. परत जायचे की नाही, हे तिने ठरवावे, आपण नव्हे.

माझ्या पिढीने तंटे मिटविले आणि पुष्कळ दारे बंद केली. या शाळेतून बाहेर पडलेल्या तुम्हां मुला-मुलींनी ती उघडी ठेवावीत. 'नांदणे' या शब्दातले हरवलेले सुख त्याला परत मिळाले, तर एका मराठीच्या मास्तराला याहून दुसरी गुरुदक्षिणा नको.